पापुद्रा

अकरा वर्षं मॉर्फिनच्या गोळीवर सुतारमिस्त्रींचा मोडका मणका तगून होता. नव्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत ती बंद केली. आज चौथा दिवस. मिस्त्री दवाखान्याबाहेरच्या बाकावर घामाने निथळत थरथरत होते. बायको आत आली. समोर मिस्त्रींनीच बनवलेलं टेबल होतं. जुने डॉक्टर त्यावर हात फिरवत म्हणायचे, "मिस्त्री, गोळी सोडायची झालीच, तर रंधा मारल्यासारखी. पापुद्रा पापुद्रा." मिस्त्री हसायचे, "डॉक्टर, तुम्ही धंदा चुकलात!" "सवय मोडायलाच हवी," नवे डॉक्टर आता तिला म्हणाले. "जुनी फाइल वाचलीत?" तिने विचारलं. "टेबलाच्या या खणात असेल. उघडतच नाही." त्यांनी हिसका देऊन दाखवला. तिने खण किंचित उचलून ओढला. फाइलमध्ये खुणेला लाकडाचा कुरळा पापुद्रा होता. त्याच पानावर गोळी दीड वर्षात उतरवायचं वेळापत्रक. "हिसक्याने अडकतो, डॉक्टर. आता ह्यांना आत आणू?"