मागची होडी

उत्तम पुन्हा दोन्ही पायांनी पाण्यात उतरला, उभा राहिला आणि मागे वळला. श्यामकांत सरांनी कपाळावर हात मारला.

परळच्या मैदानात अडथळ्यांच्या शर्यतीसाठी आडव्या तुळईमागे खड्डा खणून पाणी भरलं होतं. धावत येऊन तुळईवर एक पाय टेकायचा, लांब झेप घ्यायची, दुसरा पाय पलीकडच्या उथळ पाण्यात पडला की थांबायचं नाही, पुढचं पाऊल कोरड्यावर. उत्तमला सगळं तोंडपाठ होतं. पळण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. पाण्यापाशी मात्र घोडं पेंड खायचं.

शहर कोणत्या राज्यात जावं यासाठी रोज मोर्चे निघत होते. राज्य ठरायचं तेव्हा ठरेल, राज्याचा संघ आजच ठरणार होता. संघात आला तर उत्तमला रेल्वेत नोकरी मिळणार होती.

मागे काय बघतोस, असं सरांनी विचारल्यावर तो ओशाळला. माझगावच्या कोळीवाड्यातलं पोर ते. किनारा आला की होडीतून उडी मारायची ती दोन्ही पायांनी, गाळात पाय रोवायचे आणि वळून होडी धरायची. नाही धरली तर दगडांवर जाते. त्याचा बाप तुळशीदास त्याच्या हातांच्या भरवशावरच होडी किनाऱ्याला आणायचा. उत्तमने हे सांगितलं तेव्हा सर हसले नाहीत.

"इथे तुझ्या मागे होडी नाहीये रे," ते म्हणाले. "नुसता पळ."

शर्यत सुरू झाली. लाल टोपी घातलेला तुळशीदास दोरीपाशी उभा होता. मुलाला पळताना तो पहिल्यांदाच बघत होता.

शेवटच्या फेरीत उत्तमने तुळईवर पाय टेकला आणि झेप घेतली. पाण्यात एकच पाय पडला. दुसरा रोवायला शिवशिवत होता, पण त्याने तो पुढे टाकला. मागे न बघता तो सुटला आणि पहिला आला. आपलं नाव पुकारलेलं ऐकून त्याला रडू फुटलं.

ओल्या अंगानेच तो बापाकडे धावला. तुळशीदासने त्याला पोटाशी धरलं.

"बेस धावलास," तो म्हणाला. "मांगं येकदा पन बगितलंस नाय."

मग त्याने टोपी काढून तोंड पुसलं.

"आता होरी कोन धरंल रं?"