एकनाथचे बोंबील

शुक्रवारी कारखान्यांना सुट्टी, म्हणून कुंभवलीतल्या आम्हा पॅकिंगवाल्या बायकांचं महिला मंडळ त्याच दिवशी माईंच्या ओट्यावर भरायचं. पुरुषांनीही घरकाम केलंच पाहिजे, हा माईंचा धोशा. बाकीच्या आपापल्या नवऱ्यांच्या नावानं बोटं मोडायच्या. मी गप्प बसायची, ते त्यांना खुपायचं.

"प्रेमला, तुझा एकनाथ काय देव हाय?" जमनानं एकदा टोचलंच.

"देव नाय. पण माझी सेकंड शिफ्ट असो की सुट्टी, बोंबील तोच साफ करतो, कालवण करून ठेवतो."

कुणाला पटेना. सगळ्या उठून माझ्या घरी बघायला आल्या. मागच्या दारी एकनाथ विळीवर बोंबील कापत बसला होता. त्यांनी डोळे भरून पाहिलं आणि घरी जाऊन नवऱ्यांवर ओरडल्या, "त्या एकनाथकडून शिका जरा!"

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या गेटवर त्या नवऱ्यांनी एकनाथला घेरलं. "काय वहिनी, झाले का बोंबील साफ?" आठवडाभर हेच. त्यांच्यातला एकही मेला काही शिकला नाही. माझा मात्र त्यांच्याकडून शिकून आला. विळी माझ्यासमोर आदळली, ती पुन्हा हातात धरली नाही.

पुढच्या शुक्रवारी मी ओट्यावर गेले ती या बायांशी भांडायलाच. पण तोंड उघडलं आणि एकनाथच्याच नावानं शिव्या बाहेर पडल्या.

माईंनी सरकून मला जागा दिली.



"ये, अशी जवळ बस. आता कुठं तू आमच्यातली वाटतेस."