घराण्यातला चोर

धाकटी बहीण जन्मली आणि ओकाईचं अंगावरचं दूध तुटलं. तेव्हापासून दोन्ही वेळा त्याच्या वाटीत नुसती मक्याची पेज. त्याचे गाल आणि पाय फुगले, तसे आजोबा लाम्प्ते खूश झाले. "बघ, कसं बाळसं धरलंय पोरानं!" कोर्कोईने लेकाच्या पावलावर बोट दाबलं. पडलेला खळगा भरून येईना. अक्रा शहरातल्या दवाखान्यातली नर्स म्हणाली, "बाळसं कसलं? सूज आहे ही. रोज अंडं दे त्याला."

कोंबड्या दारातच होत्या. कोर्कोईने अंडं उकडून ओकाईपुढे धरलं, तोच सासऱ्यांनी ते उचललं.

"डोकं फिरलंय का तुझं? अंड्याची चव लागलेलं पोर पुढे चोऱ्या करतं! आपल्या घराण्यात आजवर एकही चोर निघालेला नाही, समजलं?"

बोलता बोलता त्यांनी रोजच्यासारखं अंडं सोललं, मिरचीचा ठेचा लावला आणि अर्धं तोंडात टाकलं. ओकाई त्यांच्या हलणाऱ्या जबड्याकडे बघत राहिला.

कोर्कोईने उरलेलं अर्धं त्यांच्या हातातून हिसकावलं, ठेचा पुसला आणि लेकाला भरवलं.

"एक निघालाय, मामंजी. रोज नातवाच्या तोंडचा घास पळवतो."