कॅलेंडरवरचे आकडे

शिंपीकाका आणि काकू, दोघांनाही मधुमेह. मशीन एक आणि पट्ट्यांची डबीही एकच. काका आधी उठायचे, काकू मागाहून. जो तो आपली शुगर तपासून आकडा कॅलेंडरवर लिहायचा. पण काकांचे आकडे एकशे बारा, एकशे चौदा, एकशे तेरा, असे इस्त्री केल्यासारखे सरळ! काकूंच्या मनात पाल चुकचुकली. पट्ट्या महागल्यापासून हा माणूस नुसते आकडे ठोकून देत असणार.

"अहो, आज खरंच तपासलीत ना?"

"तपासली की! जन्मभर सुया टोचून घेतल्या, आता बोट टोचायला घाबरतोय होय?" असं म्हणून काका दुकानात गेले.

काकूंनी लगेच कपाटातून डबी काढली. एक तारखेला आणलेली, आज एकवीस, आणि डबीचं सील जसंच्या तसं!

"थापाड्या मेला!" म्हणत काकूंनी तरातरा जाऊन कॅलेंडर भिंतीवरून उतरवलं. आज भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर जाब विचारायचा. पण उंबरठ्यावरच त्या थबकल्या.



काकांच्या प्रत्येक आकड्याखाली काकूंचाही आकडा होता. काकांना पट्ट्या पुराव्यात म्हणून, न तपासताच लिहिलेला.