निळ्या टेपचा चौकोन

अमेरिकेतल्या ईडन प्रेरीच्या नव्या घरात गॅसची फायरप्लेस कुठे बसवायची, हे नीलांबरीने कधीच ठरवलं होतं. तिची छोटी लेक इला जिथे खेळायची, त्याच कोपऱ्यात. भिंतीवर तिने निळ्या टेपने चौकोन आखला.

दुसऱ्या दिवशी बाहेरच्या बाजूने भिंतीला चिकटलेला बर्फ वितळलेला दिसला. जळका वायू बाहेर सोडणारा व्हेंटचा पाइप जिथून निघणार होता नेमका तिथे, गोल. भिंतीला अजून भोकही पाडलं नव्हतं.

कॉन्ट्रॅक्टरने भिंतीवर तपासणीचं मशीन फिरवून पाहिलं. आत पाइप नाही, वायर नाही.

"नीलू, हा कोपरा कॅन्सल कर ना यार," तिचा नवरा ईशान म्हणाला. "किचनच्या बाजूला घेऊ."

"अजिबात नाही. माझ्या लेकीला ऊब इथेच हवी. माझ्याच घरात मी का सरकू?"

तो कामावर गेल्यावर तिने बाहेर जाऊन त्या गोलावर तळहात ठेवला. भिंत गरम व्हायची, थांबायची, पुन्हा गरम व्हायची. झोपलेल्या माणसाच्या श्वासासारखी.

ती तडक आत आली. नव्या शेगडीला आई लावायची तसं तिने चौकोनात हळदीकुंकू लावलं. "राहायचं तर राहा," ती भिंतीला म्हणाली, "पण घर माझं आहे!"

हळदीकुंकू लावलं की समोरचीही उलट लावते, ही रीत त्या तावात तिच्या ध्यानातच आली नाही.

भिंत गार पडली. जिंकल्यासारखी हसत नीलांबरी मागे वळली.

गालिच्यावर इला ठोकळे वाजवत बसली होती. तिच्या इवल्याशा कपाळावर ओलं, ताजं हळदीकुंकू होतं.

कुंकवाची कोयरी अजून नीलांबरीच्याच हातात होती.