मागच्या बंदराचा कागद

परक्या देशाच्या बंदरात आमची यॉट लागली. हे वर डेकवर दोर बांधण्यात गुंतले होते, म्हणून कागदांची फाईल मीच बोटीवर आलेल्या अधिकाऱ्यापुढे ठेवली.

"प्रवास कसा झाला?" पासपोर्ट चाळत त्याने विचारलं.

"कसला प्रवास! बोट लागली मला. नऊ दिवस लाइफ जॅकेट घालूनच खाली केबिनमध्ये आडवी होते. हे बिचारे रोज हाका मारायचे. वर ये, ते लाइफ जॅकेट काढ, कडेला उभी राहा, छान फोटो काढतो. पण माझं डोकंच वर होत नव्हतं."

तो हसला. मग मागच्या बंदरातून निघतानाचा दाखला बघून थांबला. "याच्याशिवाय प्रवेश नाही. आणि यात तर बोटीवर एकच माणूस दाखवलाय."

"घाईत माझं नाव राहिलं असेल. यांचं नेहमीचंच आहे."

"राहिलेलं नाही, मॅडम." त्याने कागद माझ्याकडे फिरवला.

खाली यांच्याच वळणदार अक्षरात लिहिलं होतं, 'पत्नी इथूनच विमानाने घरी परतली.'

तेवढ्यात वरून हाक आली, "अगं, पोहोचलो आपण. आता तरी काढ ते जॅकेट!"