राखेनं घासलेला आरसा

"किती मळला होता वं," बायनाबाई म्हणाल्या. "चिंच लावली, राख लावली, मंग कुठी निघाला. आता पाय, आरपार दिसते."

वच्छला दारातच थांबली. सासूबाईंच्या हातात तिच्या दुर्बिणीचा आरसा होता आणि त्यातून त्यांच्या लुगड्याचे काठ स्पष्ट दिसत होते.

बुद्धपौर्णिमेच्या सकाळी घरातलं सगळं पितळ घासायचं, ही त्या घराची रीत. तांबे, पराती, गडवे उन्हात चमकत होते. त्याच रांगेत आरसाही गेला. घरातल्या आरशाचा मुलामा काचेच्या मागे असतो, रंगाखाली झाकलेला. दुर्बिणीच्या आरशाचा पुढे असतो, उघडा. बायनाबाईंनी तोच काढून टाकला होता.

वच्छला ब्रह्मपुरीच्या शाळेत विज्ञान शिकवायची. ती काच तिनं सारा हिवाळा स्वतः घासली होती, मुलामा नागपूरहून चढवून आणला होता. त्या वर्षी शेपटीचा तारा येऊन गेला आणि निम्म्या गावाला तो दिसलाच नाही. म्हणून तिनं विहारात सांगून टाकलं होतं, पौर्णिमेच्या संध्याकाळी सगळ्यांना चंद्र दाखवते. "मास्तरीणबाई चंद्र दाखवते म्हणे, संगं चहाही पाजन का?" असं बायका तेव्हापासून विचारत होत्या.

"छान निघाला, बाई," वच्छला म्हणाली आणि आरसा घेऊन आत गेली.

तिचा नवरा देवराव एसटीत कंडक्टर. आज घरीच होता. काच पाहून त्यानं कपाळाला हात लावला.

"मायले सांगू का मी?"

"काई सांगू नका."

"मंग लोकायले काय दाखवशीन?"

"साध्या काचातही थोडंसं दिसतेच. संध्याकाळी खिडकीत आपलं तोंड दिसते, तेवढं."

तेवढ्यावरच तिनं काच बसवायला घेतली. लाकडी चकतीवर सायकलच्या ट्यूबचे तुकडे, त्यांवर काच, कडेला पत्र्याच्या पट्ट्या. देवराव पट्ट्यांचे स्क्रू असे पिळू लागला, जसं काही बसच्या टपावरचं सामानच बांधतो आहे.

"ढिले ठेवा. आवळलं तं काच दबते, चंद्र वाकडा दिसन."

"अवं, दिसू तं दे आधी."

पट्टी आणि काच यांच्यामध्ये कागद सरकेल एवढी फट राहिली, तेव्हा तिनं चकती पत्र्याच्या नळीत बसवली.

संध्याकाळी वंदना झाली. विहारामागच्या धानाच्या रिकाम्या बांध्यांवर चंद्र चांगला वर आला. वच्छलेनं डोळा लावला, नळी जराशी सरकवली आणि बाजूला झाली. पहिली बाई वाकली ती उठेचना.

"हट ना वं, तुह्या घरचा हाय का चंद्र?" मागची म्हणाली.

कुणाला डाग दिसले, कुणाला डागांच्या मधून गेलेल्या पांढऱ्या रेघा. म्हातारे पुन्हा रांगेत येऊन उभे राहू लागले. चहाची आठवण कुणालाच राहिली नाही.

बायनाबाई मात्र लांब सतरंजीवर बसून होत्या. रांग संपली तेव्हा त्या हळूच जवळ आल्या. दुर्बिणीला त्यांनी हातही लावला नाही.

"खरं सांग. बिघडवला ना मी तो? सकाळी तुहं तोंड पायलं मी."

वच्छलेनं नळी पुन्हा चंद्रावर आणली.

"बिघडवला, बाई. म्हनूनच दिसला. पुनवेचा उजेड लय राहते. मुलामा असता तं डोळ्यात नुसतं पानी आलं असतं. त्याच्यासाठी काळी काच लावा लागते. ते माह्या ध्यानातच नाई राह्यलं."

बायनाबाईंनी पदर सावरला, वाकल्या आणि नळीला डोळा लावला. बराच वेळ त्या तशाच होत्या. मग डोळा न हलवता म्हणाल्या,

"मंग पयला नंबर तं माहा पायजे होता."